हाडवैद्य, ऑस्टिओपाथ आणि कामगाराचे अंग



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी 'हाड' असे उत्तर दिले. ते हसले. कामगार संघटनेचा माणूस म्हटला की तो बोनसवर, महागाई भत्त्यावर किंवा फार तर १९३० च्या मार्शल लॉवर बोलणार, अशी समजूत असते. आणि ती अगदीच गैर आहे असे नाही. परंतु गेली तीस वर्षे मी यंत्रमाग व विडी कामगारांत वावरतो आहे. आमच्या कचेरीत येणाऱ्या माणसाची पहिली तक्रार पगाराची असली, तरी दुसरी बहुधा अंगाची असते. पायऱ्या चढतानाच त्याचा एक हात कमरेवर गेलेला असतो. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा वैद्यकातली काही चूक आढळल्यास सभेतील डॉक्टरमंडळींनी ती अवश्य दाखवावी. मात्र भाषण संपल्यावर!

ऑस्टिओपाथी हा शब्द आपल्याकडे फारसा रुळलेला नाही. ग्रीक भाषेतल्या 'हाड' आणि 'पीडा' या अर्थाच्या दोन शब्दांची ती जोडणी आहे. औषधाच्या बाटलीपेक्षा आपल्या हातांवर भिस्त ठेवणारा, सांधे, स्नायू व पाठीचा कणा चाचपून, दाबून, हलवून रोग्याला आराम देणारा, तो ऑस्टिओपाथ. आपल्याकडचा त्याचा चुलतभाऊ म्हणजे हाडवैद्य. दोघांत अंतर पुष्कळ आहे, ते पुढे दिसेलच. परंतु दोघांचाही जन्म एकाच ठिकाणचा : अंगमेहनत करणारा माणूस दुखावला आणि शिकलेल्या वैद्याने त्याच्या अंगाला हात लावला नाही, तेथला.

आपल्या गावापासूनच सुरुवात करतो. सोलापुरातली पहिली कापड गिरणी, जिला आपण सारे जुनी गिरणी म्हणत आलो, ती १८७७ साली निघाली. मागाहून आणखी गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून विणकर आले, कर्नाटकातून आले, मराठवाड्यातून दुष्काळाने हाकललेले शेतकरी आले. त्यांनी येताना आपापले देव आणले, भाषा आणल्या आणि हाड बसवणारी माणसेही आणली. तालमीतला वस्ताद उतरलेला खांदा बसवी. मेंढीचा मोडलेला पाय बांबूच्या कामट्यांत बांधून तिला पुन्हा कळपाबरोबर चालवणारा धनगर माणसाचाही पाय बांधी. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेचे मिशन हॉस्पिटल होते, डॉ. वानलेस यांनी १८९४ साली काढलेले. पण कुर्डुवाडीला गाडी बदलून मिरज गाठायचे म्हणजे पगार बुडवून जायचे. हाडवैद्याकडे मात्र पाळी सुटल्यावर जाता येई, आणि त्याच्या पुढ्यात नारळ-सुपारी व जमेल ते ठेवले की भागे.

माझे वडील गिरणीत होते. मी सात-आठ वर्षांचा असताना सुताचे गाठोडे उचलताना त्यांचा खांदा उतरला. मी त्यांच्याबरोबर पेठेतल्या एका म्हाताऱ्याकडे गेलो होतो. म्हाताऱ्याने त्यांना घोंगडीवर बसवले आणि गप्पा सुरू केल्या. गाव कोणते, कोणत्या खात्यात काम करता, मुकादम कोण, हा पोरगा कितवा. बोलता बोलता त्याची बोटे वडिलांच्या खांद्यावरून मुंगीसारखी फिरत होती. वडील मुकादमाला शिव्या देण्याच्या ऐन रंगात आले आणि खटकन आवाज झाला. वडिलांचे वाक्यही पुरे झाले नव्हते. मग आंबेहळद, रक्तबोळ आणि तुरटीचा लेप, वर पट्टी, आणि तीन आठवडे ओझे न उचलण्याची ताकीद. त्या वेळी मला तो चमत्कार वाटला. आता कळते की रोग्याला बोलण्यात गुंतवून त्याचे आवळलेले स्नायू सैल करून घेण्याची ती रीत होती. म्हाताऱ्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न हा उपचाराचाच भाग होता.

ही विद्या अडाण्यांची, असे कोणी म्हणेल तर त्याने सुश्रुतसंहिता उघडून पाहावी. सुश्रुताने हाड मोडण्याचे बारा प्रकार आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. ताणणे, दाबणे, जुळवणे आणि बांधणे, या चार क्रिया त्याने क्रमाने दिल्या आहेत. बांधायला मोहाची, उंबराची, पिंपळाची, पळसाची साल किंवा बांबूच्या पट्ट्या घ्याव्यात. मांडी वा पाय मोडलेल्याला फळीवर निजवून पाच खुंट्यांनी तो हलणार नाही असा करावा. पट्टी थंडीत सात दिवसांनी, मधल्या ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडावी. सैल बांधली तर सांधा स्थिर राहत नाही, फार घट्ट बांधली तर सूज, वेदना आणि पू होतो, असेही त्याने बजावून ठेवले आहे. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा. मला त्याच्याकडे परत यायचे आहे. मला सर्वांत आवडते ते त्याचे तळहाताचे प्रकरण. हात जुळून आला की रोग्याने प्रथम मातीचा गोळा धरावा, मग मिठाचा खडा, आणि हातात बळ आल्यावर दगड. म्हणजे हाड जुळले की वैद्याचे काम संपले असे त्याने मानले नाही. माणूस पुन्हा आपले काम करू लागला की ते संपते.

एवढी विद्या असताना ती वैद्यांच्या हातून तालमीत आणि मेंढवाड्यात का गेली? याचे उत्तर माझ्या मते सरळ आहे. मोडलेल्या माणसाला धरावे लागते. त्याचा घाम, त्याचे रक्त अंगाला लागते, आणि त्याची जातही लागते. ग्रंथ वरच्या आळीत राहिला आणि हात खालच्या आळीत गेला. ग्रंथाला हात उरला नाही आणि हाताला ग्रंथ उरला नाही.

ही वाटणी आपल्याकडेच झाली असे मात्र समजू नका. इंग्लंडातही पदवीधर डॉक्टर वेगळा आणि हाड बसवणारा वेगळा. हे लोक पिढीजात काम करीत. गोदीतले, खाणीतले मजूर त्यांच्याकडे जात. डॉक्टर त्यांना भोंदू म्हणत. परंतु सर जेम्स पॅजेट या नामांकित शल्यवैद्याने १८६७ साली आपल्या विद्यार्थ्यांपुढे एक व्याख्यान दिले, त्याचा विषयच होता हाड बसवणाऱ्यांनी बरे केलेले रोगी. त्याचा सांगावा असा की, त्यांच्या चुकांवर हसा, पण त्यांना जे साधते ते शिकून घ्या, नाही तर तुमचे रोगी त्यांच्या दारात जातील.

लिव्हरपूलला इव्हान टॉमस नावाचा वेल्श गृहस्थ हाडे बसवीत असे. डॉक्टरांनी त्याला पुनःपुन्हा कोर्टात खेचले. त्याने चिडून जे केले ते एखाद्या मुरलेल्या संघटकाला शोभेल असे आहे : आपली पाचही मुले त्याने डॉक्टर केली. त्यांतला थोरला ह्यू ओवेन टॉमस. घरची हाताची विद्या आणि कॉलेजची पुस्तकाची विद्या या माणसात एकत्र आली. गोदी कामगार, खलाशी, जहाजबांधणीतले कारागीर हे त्याचे रोगी. रविवारी तो गरिबांना फुकट तपासी. मोडलेल्या पायाला लांब विश्रांती हवी, हे ओळखून त्याने लोखंडी कांबीचा एक साधा सांगाडा बनवला. हयातीत त्याला शल्यवैद्यांनी फारसे विचारले नाही. १८९१ साली तो गेला. पुढे पहिल्या महायुद्धात त्याच्या पत्नीचा पुतण्या रॉबर्ट जोन्स याने तोच सांगाडा रणांगणावर नेला, आणि मांडीचे हाड मोडलेले जे सैनिक वाटेतच दगावत ते मोठ्या संख्येने जिवंत परतू लागले. आजही हॉस्पिटलात त्याला टॉमस स्प्लिंट म्हणतात. तो ज्याच्या अंगणात जन्मला त्या हाडवैद्याचे नाव मात्र कोणी घेत नाही.

आता अमेरिकेकडे वळू, कारण ऑस्टिओपाथी तेथली. तिचा जनक अ‍ॅण्ड्र्यू टेलर स्टिल. जन्म १८२८ चा. बाप धर्मोपदेशक आणि वैद्य. मुलगा बापाच्या हाताखाली शिकला. गुलामगिरीचा विरोधक म्हणून यादवी युद्धात उत्तरेकडून लढला. लहानपणीची एक आठवण त्याने लिहून ठेवली आहे. डोके फार दुखत होते म्हणून त्याने दोन झाडांमध्ये नांगराची दोरी टांगली, तिच्यावर घोंगडे टाकले आणि मान त्यावर ठेवून पडला. झोप लागली, उठला तो डोके थांबलेले. १८६४ साली मेंदूज्वराने त्याच्या घरातली तीन मुले गेली. उत्तम डॉक्टर आले होते, पण त्या काळची औषधे म्हणजे पारा, अफू आणि दारू. स्टिलचा औषधांवरचा विश्वास त्या दिवशी उडाला, तो कायमचा. हाडांचा अभ्यास त्याने इतका केला की कोणतेही हाड डोळे मिटून ओळखावे. २२ जून १८७४ ही त्याने आपल्या शास्त्राची जन्मतिथी सांगितली आहे. गावातल्या विद्यापीठाला त्याच्या घराण्याने जमीन मिळवून दिली होती. त्याच विद्यापीठाने त्याला आपले म्हणणे मांडायला सभागृह नाकारले. तेव्हा तो मिसूरीतील कर्क्सव्हिल गावी गेला आणि गावोगाव 'विजेच्या चपळाईचा हाडवैद्य' अशी जाहिरात करीत हिंडला. पुढे रोग्यांनी भरलेल्या आगगाड्या कर्क्सव्हिलला येऊ लागल्या. १८९२ साली त्याने तेथे शाळा काढली आणि पहिल्याच वर्गात स्त्रियांना प्रवेश दिला, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

स्टिल शरीराला यंत्र म्हणे. मी यंत्राशेजारी वाढलेला माणूस, त्यामुळे कामगाराला यंत्र म्हणणाऱ्याचा मला प्रथम संशय येतो. परंतु स्टिलचे यंत्र वेगळे आहे. ते स्वतःची दुरुस्ती स्वतः करते. वैद्याने फक्त त्याच्या वाटेतला अडसर काढायचा. १९५३ साली कर्क्सव्हिलच्या अध्यापकांनी ही शिकवण सूत्ररूपाने मांडली : शरीर हे एकसंध आहे, त्याच्यात स्वतः बरे होण्याची शक्ती आहे, त्याची घडण आणि त्याचे काम ही एकमेकांवर अवलंबून आहेत, आणि उपचार या तिन्हींचा विचार करून व्हावा. यावरून ऑस्टिओपाथची तपासणी कशी चालते ते कळेल. गुडघा दुखतो म्हणून तो केवळ गुडघा पाहत नाही. तो रोग्याला उभे करतो, चालवतो, वाकवतो. कामावर कसे बसता, ओझे कोणत्या खांद्यावर घेता, झोपता कसे, हे विचारतो. मग बोटांनी चाचपतो. पहिल्या भेटीला अर्धा-पाऊण तास सहज जातो. आमच्या पेठेतला म्हातारा याहून निराळे काय करीत होता?

पण येथे थांबलो तर मी तुम्हाला अर्धेच सांगितले असे होईल. स्टिलची चूकही तेवढीच मोठी होती. साऱ्या रोगांचे मूळ हाडांच्या जागा सरकण्यात आहे, असे तो सांगू लागला. रोगजंतूंचे शास्त्र त्याच्या डोळ्यांदेखत उभे राहत असताना तो औषधांना नकार देत राहिला. १९१७ साली त्याचे निधन झाले. त्याच्या शिष्यांनी मात्र शहाणपण केले आणि औषधशास्त्र, शस्त्रक्रिया आपल्या अभ्यासक्रमात घेतल्या. त्याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. १९६२ साली कॅलिफोर्नियात दोन हजारांच्या आसपास ऑस्टिओपाथांना पासष्ट डॉलर भरून नेहमीच्या डॉक्टरची पदवी देण्यात आली. १९६६ मध्ये अमेरिकन सैन्याने त्यांना वैद्यकीय अधिकारी म्हणून घेतले. आज ते त्या देशातल्या प्रत्येक राज्यात पूर्ण अधिकाराचे डॉक्टर आहेत. आणि त्यांतले बहुतेक जण हाताने उपचार क्वचितच करतात. मान्यता मिळाली आणि हात सुटला. संघटनेच्या इतिहासातही असे होते. ज्या मागणीसाठी झगडलो ती मागणी मान्य होते आणि मूळ माणूस मागे राहतो. असो.

इंग्लंडचा रस्ता निराळा. हर्बर्ट बार्कर हा तेथला नामांकित हाड बसवणारा. त्याच्या रोग्यांना भूल देण्याचे काम डॉक्टर अ‍ॅक्सम करीत. या एवढ्या अपराधासाठी १९११ साली अ‍ॅक्समचे नाव डॉक्टरांच्या यादीतून काढून टाकण्यात आले. १९२२ साली सरकारने बार्करला 'सर' केले. अ‍ॅक्सम १९२६ साली वारला तो यादीबाहेरच. १९३५ साली ऑस्टिओपाथांच्या नोंदणीचा प्रश्न लॉर्डांच्या समितीपुढे गेला आणि तेथे त्यांची दाणादाण उडाली, कारण शिक्षणाचा दर्जा सिद्ध करता येईना. त्यांनी तो सुधारला. १९९३ साली कायदा झाला. आता नोंद असल्याशिवाय तेथे कोणाला स्वतःला ऑस्टिओपाथ म्हणवता येत नाही. म्हणजे हात शाबूत राहिला, पण त्याला जबाब द्यावा लागतो.

या उपचाराचा गुण किती? अतिशयोक्ती नको. १९९९ साली शिकागोत कंबरदुखीच्या रोग्यांची एक तुलना झाली : काहींना नेहमीचे उपचार, काहींना ऑस्टिओपाथचे. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांना आराम सारखाच. पण दुसऱ्या गटाला औषधे कमी लागली. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन दिले. त्यात रोग्याला नीट समजावून सांगणे, व्यायाम, मसाज आणि कण्यावरील हाताचे उपचार यांना जागा आहे. कमरेचे पट्टे आणि वजने लावून ताण देणे यांना नाही. आमच्या वस्तीत पट्टा नसलेली कंबर शोधावी लागेल! जगात कंबरदुखीचे रोगी २०२० साली सुमारे बासष्ट कोटी होते. दमा, मधुमेह, मुलांचे आजार हाताने बरे होतात असे कोणी म्हणाले, तर मात्र त्याच्या दारातून परत फिरावे.

आता मघाचे सुश्रुताचे वाक्य. तिरुपतीला जाणाऱ्यांनी पुत्तूरचे नाव ऐकले असेल. तेथील केशव राजू यांच्या घराण्याचा हाड बांधण्याचा उद्योग १८८१ पासून चालत आला आहे. त्याच १८८१ साली जर्मनीत हाले येथे फोल्कमान या शल्यवैद्याने एक निबंध प्रसिद्ध केला. मोडलेला हात फार घट्ट बांधला तर आतली सूज बाहेर पडायला जागा राहत नाही, रक्त अडते आणि काही तासांत स्नायू मरतो, असे त्यात होते. मरताना कळ असह्य होते, मग बोटे गार पडतात, आणि मग कळ थांबते. कळ थांबली म्हणून घरचे लोक निर्धास्त होतात.

हे मी फार उशिरा वाचले. १९९७ सालची गोष्ट. एका यंत्रमाग कारखान्यात रात्रपाळीला बीम चढवताना एक तरुण विणकर घसरला आणि त्याचा उजवा हात मनगटाच्या वर मोडला. मालकाने सरकारी दवाखान्याचे नाव काढले नाही, कारण तेथे अपघाताची नोंद होते. पण सगळा दोष मालकाच्या माथी मारून मला मोकळे होता येत नाही. त्या पोराला हाडवैद्याकडे मीच नेले. वडिलांचा खांदा बसवणारा म्हातारा तोवर वारला होता. हा दुसरा होता. त्याने ना गाव विचारले, ना काम. कामट्या लावल्या, पट्टी आवळली आणि पुढच्याला हाक मारली. रात्री पोराची बोटे जळू लागली. वैद्याकडे माणूस पाठवला, निरोप आला, कळ येणारच, पट्टी सोडू नका. मीही त्याला सांगितले, सोस. तिसऱ्या दिवशी कळ थांबली. बोटे काळी पडली होती. हॉस्पिटलात हात काढावा लागला.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होते. अंगठा गेला तर कमाईची शक्ती तीस टक्के घटली असे धरावे, तर्जनी गेली तर चौदा, आणि हात गेला तर साठ. आम्ही साठ टक्क्यांचा दावा लावला. मालकाने सांगितले, तो घरी पडला. पहिल्या दिवसाचा एक्स-रे नाही, डॉक्टरचा कागद नाही, आणि हाडवैद्य कागद देत नसतो. शेवटी तडजोड झाली. रक्कम सांगायची मला लाज वाटते.

त्याच परिशिष्टात कंबरदुखीला काही टक्के नव्हते. मान दुखण्यालाही नव्हते. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी विड्या वळल्या जातात त्यांना मी काय सांगावे? सूप मांडीवर, मान खाली, हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत बैठक मोडायची नाही. आमच्या एका भगिनीला मी एका दवाखान्यात घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी मान वर न करता गोळ्या लिहिल्या. ती बाहेर येऊन मला तेलुगू-मराठीत म्हणाली, "दादा, मी कशी बसते ते त्यांनी बघितलंच नाही की." बाहेर साठ माणसांची रांग होती, तेव्हा त्या डॉक्टरांवर मी रागावलो नाही. पण तिचा प्रश्न तो प्रश्नच आहे. तिची बैठक पाहायला लागणारा अर्धा तास कोणी द्यायचा आणि त्याचे पैसे कोणी भरायचे, हा प्रश्न आम्ही कोणत्याही मागणीपत्रात आजवर घातला नव्हता. यंदा घातला आहे. विडी कारखानदारांनी तो वाचून काय म्हटले ते सभेत सांगण्यासारखे नाही.

गेल्या दिवाळीनंतर माझा स्वतःचा खांदा धरला. मी पेठेतल्या त्या जुन्या घरी गेलो. तेथे आता म्हाताऱ्याचा नातू बसतो. घोंगडी तीच असावी असे वाटले. माझ्या आधी एका पोराला आणले होते, शेतात पडलेला, हात सुजून टम्म झालेला. नातवाने त्याच्या बोटाचे नख दाबले, सोडले, रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिले. पुन्हा दाबले. मग पट्टी बाजूला ठेवून त्याने पोराच्या बापाला सांगितले, "मी बांधणार नाही. आत्ताच्या आत्ता सिव्हिलला न्या," आणि दारातली रिक्षा स्वतः बोलावून दिली. बाप कुरकुरत होता, पण गेला.

मग तो माझ्याकडे वळला. खांद्यावर बोटे टेकवली आणि म्हणाला, "काका, फोटो काढलाय का? आणि दिवसभर फोन कुठल्या हातानं धरता?"